सातव्या चिऱ्याचं माप

बुधवारी, बावीस जानेवारीला, कंपनीतून सुटल्यावर मी बिरवाडीहून थेट पोलादपूरला गेलो. मंडळाची किल्ली परत द्यायची होती, एवढंच काम. दहा मिनिटांत उरकून शेवटच्या गाडीने खोलीवर यायचं ठरवलं होतं.

मंडळ म्हणजे मोरदांड परिसर इतिहास मंडळ. माझ्या मोठ्या भावाने, जितेशने, चार वर्षांपूर्वी काढलेलं. बंद भातगिरणीच्या मागची एक खोली, दोन कपाटं, एक टेबल. पगार कुणालाच नाही, ज्याला वाटेल त्याने यायचं. डोंगरावरच्या वाड्यांमध्ये जायचं, म्हाताऱ्यांशी बोलायचं, जुने दगड आणि जुन्या वाटा मोजून कागदावर आणायच्या. दादा गेल्या श्रावणात गेला. त्याच्यामागे तिघं उरली. सोनबा काका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. अक्षदा, महाडला कॉलेजात शिकते, नकाशे तीच काढते. आणि नागसेन, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, फोटो तो काढतो. मी चौथा नव्हतो. मी कधीच नव्हतो. किल्ली दादाच्या खिशात सापडली म्हणून माझ्याकडे होती.

साडेसात वाजले होते. तिघं टेबलाभोवती बसली होती. मी किल्ली टेबलावर टाकली.

"बंद करा आता हे. माणूस गेला, आता दगड मोजून काय करणार?"

"रितेश, बस तरी," अक्षदा म्हणाली.

"बसायला नाय आलो."

तेवढ्यात माझं लक्ष तिच्यासमोरच्या नकाशावर गेलं. मोरदांडच्या जुन्या पायवाटेचा नकाशा. वाटेच्या कडेला वाडीचे चिरे आहेत. चिरा म्हणजे घराण्याच्या मूळ पुरुषाच्या नावाने उभा केलेला दगड, गुडघाभर उंचीचा. वाडीत सात घराणी, म्हणून सात चिरे. दादाने त्यातले सहा मोजले होते. सातवा मोजायचा राहिला. पावसात दरड कोसळली आणि सातव्या चिऱ्यासकट वाट दरीत गेली. दादाही गेला.

नकाशावर सात टिंबं होती.

"हा सातवा कुणी मोजला?" मी विचारलं.

अक्षदाने काकांकडे पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टेप एकट्याने धरता येत नाही. मंडळाची रीत अशी, की एकाने शून्याचं टोक दगडाला लावायचं आणि 'लावलं' म्हणायचं. दुसऱ्याने डबा धरून आकडा वाचायचा, आधी मीटर, मग सेंटिमीटर. पहिल्याने तो आकडा परत बोलायचा. वाचणाऱ्याने 'सोड' म्हटलं की मगच टोक सोडायचं, त्याआधी नाही. दादानेच ही रीत घातली. दरड कोसळली त्या रविवारी सकाळी तो माझ्या उशाशी आला होता. म्हणाला, "रितू, चल ना रे. एकच दगड राहिलाय. टोक धरायला कोण नाय." मी रात्रपाळी करून आलो होतो. मी म्हटलं, "तुझे दगड तूच मोज." आणि तोंडावर चादर ओढून घेतली. तो एकटा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली ओढ्यात मिळाला. टेप वर सहाव्या चिऱ्यापाशी पडलेली होती. उघडलेलीसुद्धा नव्हती.

म्हणून मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. "सातवा कुणी मोजला?"

काका उठले. दार लोटून घेतलं. परत येऊन बसले.

"माझ्या ओळखीचा एक माणूस हाय," ते म्हणाले. "रिटायर कंडक्टर."

"काका, पोलादपुरात तुमच्याशिवाय रिटायर कंडक्टर कोण हाय दुसरा?" नागसेन म्हणाला.

"लय हायत. तू बिनतिकिटाचा फिरायचास, तुला कंडक्टर दिसले कधी? गप ऐक."

नागसेन हसला. मी उभाच होतो. मग बसलो.

"गेल्या शुक्रवारची गोष्ट," काका सांगू लागले. "सतरा तारीख. पौषातली संकष्टी. ह्या माणसाचा उपास होता. सव्वीस जानेवारीला नकाशा मोरदांडच्या शाळेत लावायचा, तर त्याआधी ठकूबाईला दाखवून यावं म्हणून हा दुपारच्या गाडीनं गेला. वाडीत तीच आता सगळ्यात जुनी. तिनं कागदाला हात लावला नाय. म्हणाली, 'सात घराण्यांची वाडी आमची. सहाचा कागद कुणाला दाखवता? आमच्या कुशाबाचा चिरा दरीत गेला म्हणून तो नव्हताच काय रे कधी?' तिनं चहा केला, उपासाचा म्हणून साखर जास्त घातली, आणि पुन्हा तेच. 'सात हायत, सात लिवा.' तिच्या बोलण्यात दिवस बुडाला.

"पिशवीत टेप होती. हा म्हणाला, 'वयनी, चंद्रोदय नऊ दहाचा हाय. तोपर्यंत जाऊन येतो. जेवायला तुझ्याकडंच.' मनात काय होतं, तर सहाव्या चिऱ्यापासून वाट तुटली तिथवर तरी मोजावं. पुढं लिहावं की इथून दरड. काय तरी लिहावं. रिकामं नको.

"एकट्यानं मोजायचं तर कडेला खिळा ठोकायचा आणि टोक त्यात अडकवायचं. खिळा होता. ठोकायला दगड नव्हता. ह्यानं टेप सहाव्या चिऱ्यावर ठेवली आणि मोबाइलच्या उजेडात दगड शोधत मागं गेला. दहा-बारा पावलं. साडेसात झाले असतील. वारा पडलेला. गवत सगळं वाळून उभं. पानसुद्धा हलत नव्हतं.

"तेव्हा मागं आवाज झाला. टर्र… टर्र… टेपचा डबा फिरतो तसा.

"ह्याला वाटलं, उंदीर. परत आला. उजेड मारला. टोक डब्यापाशी नव्हतं. टेप चिऱ्यावरून पुढं चालली होती. अंधारात. सावकाश. माणूस टोक धरून चालतो ना… त्या चालीनं.

"डबा चिऱ्यावरून घसरायला लागला. ह्यानं तो धरला. भीतीनं नाय. पडेल म्हणून. एकतीस वर्षं गाडीत लोकांच्या पडत्या पिशव्या धरल्या, हात आपोआप जातो… मी डबा धरला."

काका 'मी' म्हणाले होते. नागसेन आता हसला नाही.

"टेप थांबली. मग ताणली गेली. घट्ट.

"मी म्हटलं, वाडीतलं कोणी असेल. दिवा न घेता आला असेल. समोर उजेड मारला. मोबाइलचा उजेड तो, जाऊन जाऊन किती जाणार? पिवळी टेप दिसत होती. थोडी. पुढं नाय.

"आणि आवाज आला. 'लावलं.'"

गिरणीच्या पत्र्यावर काहीतरी सरकलं, मांजर असावं. अक्षदाने मान वर केली नाही.

"रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाय, हे मला आईनं लहानपणी शिकवलेलं. मी कधी दिली पण नाय. पण ती हाक नव्हती रे. ते काम होतं. 'लावलं' ऐकलं की आकडा वाचायचा, चार वर्षं तेच केलं. तोंडातून निघून गेलं. सत्तावीस चाळीस.

"पलीकडून आलं… 'सत्तावीस… चाळीस.'

"बरोबर तसंच. मधे जरा थांबून. लिहिणाऱ्याला लिहायला वेळ मिळावा म्हणून थांबायचा ना तो… तसं."

कुणीच कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

"मग तोच बोलला.

"'रितू… आलास होय?'"

मंडळातल्या लोकांसमोर दादा मला रितेशच म्हणायचा. रितू फक्त घरात. आई गेल्यावर ते नाव वापरणारा तो एकटाच होता. काकांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं.

"पुढं?" मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टेबलाकडे बघत होते.

"म्हणाला, 'झोप झाली का रे?'"

…

"रागानं नाय रे. आपण विचारतो तसं. मायेनं.

"मला सांगायचं होतं, मी तो नाय. मी सोनबा. नाय सांगवलं. एवढ्या अंधारात टोक धरून उभा होता. श्रावणापासून उभा होता का काय… देव जाणे. आणि सोड म्हटल्याशिवाय सोडणार नव्हता. त्याचीच रीत.

"मी उभा राहिलो. किती वेळ, कळलं नाय. हात भरून आले. टेप केसभर हलली नाय. तिकडून पण काय नाय. श्वास पण नाय.

"मग मीच म्हटलं… 'झाली, दादा. सोड आता.'

"…

"टेप सैल पडली.

"समोरच्या डोंगरावर उजेड आला. चंद्र. मी पुढं बघितलं. पंचवीस पावलांवर वाट तुटलेली. पुढं दरी.

"नुसती दरी."

मी उठलो कधी ते मला आठवत नाही. काकांचा सदरा माझ्या मुठीत होता. सत्तर वर्षांचा माणूस, आणि मी त्याला हलवत होतो.

"माझ्या नावानं सोड म्हणायला तुम्हाला कुणी सांगितलं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"रितेश, सोड त्यांना," नागसेनने मला मागून धरलं.

"मला बोलवायचं होतं! मी आलो असतो! मी सोड म्हटलंच नसतं, मी धरून ठेवलं असतं त्याला!"

"ठाऊक हाय," काका म्हणाले. "म्हणून तर म्हटलं."

माझी मूठ सुटली. श्रावणापासून मी रडलो नव्हतो. अंत्यविधीलाही नाही, दहाव्यालाही नाही. त्या रात्री भातगिरणीच्या फरशीवर बसून रडलो. काका माझ्या शेजारी खाली बसले, गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले. पाठीवर हात ठेवला नाही, समजूतही घातली नाही. नुसते बसले. शेवटची गाडी गेली. नागसेनने दुकानातून दोन पोती आणून अंथरली.

सकाळी मी म्हटलं, "मला वर जायचंय. टेप द्या."

काका म्हणाले, "कपाटात हाय. शुक्रवारी गुंडाळून ठेवली. उघडली नाय मी परत."

ते आले नाहीत. नागसेनच्या गाडीवर आम्ही तिघं मोरदांडच्या पायथ्याशी गेलो आणि चढलो. सहाव्या चिऱ्यापाशी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. गवत कमरेएवढं, पिवळं, आणि कुसळांनी भरलेलं. पँट, बूट, मोजे, सगळीकडे कुसळं. ती वाट तशीच आहे, पौषात तिथून काही ओढत नेलं की कुसळं लागतातच.

अक्षदाने डबा चिऱ्यावर धरला. मी टोक घेऊन पुढे निघालो, टेप गवताच्या वर उचलून धरत. नागसेन माझा पट्टा मागून पकडून चालत होता.

"थांब," अक्षदा एकदम म्हणाली.

मी थांबलो. ती टेपकडे वाकून बघत होती. मंडळाची टेप कापडी आहे. डब्यातून बाहेर आलेला पहिला भाग पिवळा, स्वच्छ होता. त्यानंतर एकदम कुसळं सुरू झाली होती. वाळलेली, दाट, आत गुंडाळली जाऊन चपटी झालेली. शुक्रवारची.

तिने अंगठा जिथून कुसळं सुरू होत होती तिथे ठेवला. "आठ पन्नास," ती म्हणाली. "चल पुढं."

मी कडेपर्यंत गेलो. खाली ओढा दिसत होता. मी जमिनीच्या शेवटच्या बोटभर जागेवर टोक टेकवलं. दोनदा घसा खाकरला.

"लावलं."

"अठरा नव्वद," अक्षदा ओरडली.

"अठरा… नव्वद."

'सोड' मात्र ती म्हणाली नाही. नागसेनने एका हाताने माझा पट्टा धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर वजाबाकी केली. सत्तावीस चाळीसमधून अठरा नव्वद. मोबाइल माझ्यापुढे धरला.

आठ पन्नास.

म्हणजे जमिनीवरून गेलेल्या टेपला कुसळं होती. त्याच्या पुढची साडेआठ मीटर टेप दरीवर, हवेत होती. जाताना ती याच गवतातून गेली असणार, काकांनी परत ओढली तेव्हाही याच गवतातून आली असणार. काही तरी लागायला हवं होतं.

आम्ही तिघांनी ती साडेआठ मीटर बोटांनी चाचपून पाहिली. एकही कुसळ नव्हतं.