काळ्या पिशवीतले हात

"त्या कॅमेरेवाल्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस गं. त्याला सगळ्यांचे चेहरे दिसतात, अंगावर येणारी लाठी तेवढी दिसत नाही!"

गिरगावच्या चाळीत शेजारच्या राधाबाईंनी असं बजावलं, तेव्हा मृणालिनी नुसती हसली. कॉलेजात शिकणारी पोर... असल्या बोलण्याला कशाला भीक घालतेय!

दुसऱ्याच दिवशी ती लालबागला मसाला कुटून घ्यायला गेली, तर डंकाशेजारच्या फुटपाथवर तोच! दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या कापडी पिशवीत.

"अहो, जरा हात देता? रीळ अडकलंय. बाहेर काढलं तर उजेडानं जळेल."

"आणि नाही काढलं तर?"

"तर मोर्चा मला टाकून पुढे जाईल."

"माझ्या हाताला मिरची आहे हं."

"असू दे. सिनेमा तिखट होईल."

त्यानं एक हात काढला, तिनं आपला घातला. आत मिट्ट काळोख. बोटांना बोटं लागली... आणि मागून पोलिसांची शिट्टी वाजली. दोघांपैकी कुणीच हात काढला नाही.

तो हरेश्वर. दादरच्या स्टुडिओत कॅमेरा खात्यातला कामगार. मोठ्या सिनेमांची उरलेली फिल्म जमवून त्याच्या युनियननं स्वतःचा सिनेमा काढायला घेतला होता — गिरणगावातल्या माणसांचा, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचा. रीळ भरायला मृणालिनी हवीच, असं मग होऊन बसलं.

धरपकड वाढली तसा तो एका दुपारी धापा टाकत आला. "माझ्या खोलीची झडती होणार. हा डबा ठेव. फिल्म अजून धुतलेली नाही... यात सगळ्यांचे चेहरे आहेत."

तो गेला न गेला तोच पोलीस जिना चढले. "डब्यात काय?"

आता डबा नेतील, फिल्म धुतील, एकेकाला घरातून उचलतील...

"बघा की!" म्हणत तिनं झाकण काढलं आणि गॅलरीतल्या भर उन्हात अख्खं रीळ उलगडलं. नुसती करडी पट्टी. पोलीस चरफडत उतरले.

संध्याकाळी हरेश्वर ती पट्टी मांडीवर घेऊन वीत-वीत गुंडाळत बसला.

"रागवा ना... काहीतरी बोला!"

"यातली सगळी माणसं आज आपापल्या घरी जेवतील, मृणाल." मग हळूच, मान खाली घालून — "पिशवीत हात घालायला येशील ना? जन्मभर?"

ती आली. आज मांडीवर तान्हं आहे, अंगात कणकण आहे त्याच्या. म्हणून हरेश्वर मोर्च्याला एकटाच गेलाय. रस्त्यावर कुठं आरडाओरडा झाला की ती तान्ह्याला घेऊन गॅलरीत धावते, अन् राधाबाईंचं ते बोलणं आता हसण्यावारी जात नाही.

तुम्ही लालबागकडे निघालाच असाल, तर डंकापाशी जरा बघाल का हो? काळ्या पिशवीत हात घालून कुणी बसलेला दिसला, तर हाक मारू नका, दचकेल. रीळ भरून होईपर्यंत नुसते त्याच्या पाठीशी उभे राहा... त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात.