मागची काच

सदुसष्टची पिकअप आणि अडुसष्टची पिकअप यांतला फरक मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पुढच्या मडगार्डच्या कडेला छोटा दिवा असेल तर अडुसष्ट, नसेल तर सदुसष्ट. एकोणसत्तरला समोरची जाळी बदलली. सत्तरची जवळजवळ तशीच, लोकांना वाद घालायला विषय हवा म्हणून वेगळी म्हणायची. एकाहत्तरला जाळीत चौकोन आले, आणि बहात्तरला आतला आरसा छपराचा पत्रा सोडून थेट समोरच्या काचेला चिकटला. त्र्याहत्तरला कंपनीनं साचाच बदलला. म्हणजे शेव्हरोलेच्या त्या गाडीचं आयुष्य मोजून सहा वर्षांचं.

मागच्या काचेचं राहिलं. ते मी मुद्दामच मागे ठेवलं.

सदुसष्टच्या गाडीला मागची काच लहान येत असे, पावाच्या ट्रेएवढी. मोठी हवी असेल तर ऑर्डर देताना वेगळी सांगावी लागायची. अडुसष्टपासून ती सगळ्यांनाच मिळायला लागली. पावाच्या ट्रेएवढ्या त्या काचेनं एका बाईच्या आयुष्याची बेचाळीस वर्षं खाल्ली, आणि त्यात माझा हात होता.

मी ऑल्डन सिमेक. नेब्रास्कातल्या आमच्या चेक लोकांच्या गावात चाळीस वर्षं शेव्हरोलेच्या दुकानात पार्ट्सच्या काउंटरमागे उभा राहिलो. आता जुन्या गाड्या अस्सल आहेत की नाहीत ते सांगतो. माझ्या शब्दावर अजून तरी कुणी बोट ठेवलेलं नाही.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत मी एकोणीस वर्षांचा होतो. एमिल कुचेरा बायकोला, मार्व्हेलाला, घेऊन गाडी बुक करायला आला. शहाजिरं चघळत उभा. हिरवी गाडी, पांढरं छप्पर. "रेडिओ नको," म्हणाला. "घरी आहे की एक."

मार्व्हेला त्याच्याकडे बघून हसली. म्हणाली, "आणि मागची काच मोठी घे हं."

"मागं काय बघायचंय? मका?"

झालं, तेवढ्यावरनं दोघांची जुंपली. शेवटी लहान काच लिहिली गेली. दुसऱ्या दिवशी मार्व्हेलाचा फोन. "ऑल्डी, त्याला सांगू नकोस, पण मोठी काच लिही. वरचे पैसे मी देईन, अंडी विकून." मी चिठ्ठीवर लिहून घेतलं. ती चिठ्ठी कानामागे खोचली, खिशात घातली, की मॅनेजरच्या टेबलावर ठेवली? तेव्हाही आठवत नव्हतं, आजही आठवत नाही.

मे महिन्यात गाडी आली, त्या दिवशी मी ओमाहाला होतो, लष्कराच्या तपासणीला. संध्याकाळी परत आलो तर गावात एकच विषय. एमिल सकाळी नवी गाडी घेऊन घरी गेला, तासाभरात नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो तसाच गाडीत बसून निघून गेला. मार्व्हेला कणीक मळत होती, गाडी बघायला बाहेरही आली नव्हती. तशाच पिठाच्या हातांनी तिनं त्याचा दंड धरला, त्यानं झटकला. मग ती त्याच्या मागे धावली. रस्ता वळतो तिथं उजवीकडच्या शेतातून आडवी, हात हलवत, हाका मारत. एक बूट मातीत रुतून राहिला. तो थांबला नाही आणि परत कधी आलाही नाही.

गाडीला बाहेरचा आरसा एकच, तोही डावीकडे. ती उजवीकडून धावत होती. म्हणजे ती दिसली असेल तर मागच्या काचेतूनच. उडालेली धूळ आणि डोळ्यांवर आलेलं ऊन, काच केवढी होती ते तिला कळलंच नाही.

आठवड्याभरानं ती काउंटरवर आली. चेहरा सुकलेला. "ऑल्डी, काच मोठी होती ना?"

मॅनेजर मागेच उभा होता. चिठ्ठी हरवली म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

"हो," मी म्हणालो. "मोठीच होती."

मॅनेजरला विचारलं असतं तर खरं काय ते तेव्हाच कळलं असतं. मी विचारलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय! आणि मार्व्हेला बेचाळीस वर्षं एवढंच धरून बसली की त्यानं आपल्याला पाहिलं आणि तरी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही.

परवाच्या ऑक्टोबरात, एका सोमवारी, म्हाताऱ्या व्हाव्रा शेतकऱ्याच्या पुतणीचा फोन आला. म्हातारा नव्वदीचा होऊन वारला होता. त्याच्या शेडमधलं गवत उपसताना खाली एक पिकअप सापडली. मार्व्हेलाच्या घरापासून बारा मैल.

मी दुपारी गेलो. मक्याची काढणी जोरात होती, हवेत सोनेरी भुसा तरंगत होता आणि दूर कुठंतरी धान्य वाळवायचे पंखे घुमत होते. गाडी तोंड भिंतीकडे करून उभी, पाठ दाराकडे. हिरवी, छप्पर पांढरं. रेडिओच्या जागी नुसती पट्टी. इंजिन उंदरांनी घर करून संपवलेलं, दाराच्या चौकटीवरची कारखान्याची नंबरपट्टी कुणीतरी उपटलेली. राखदाणी उघडली. आत शहाजिरं.

मडगार्डला दिवे नव्हते. मागची काच लहान.

मी वहीत लिहिलं: सदुसष्ट, लहान काच. मग तिथंच गवतावर बसलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गाडी सापडली होती, एमिल नाही. व्हाव्राकडे ती कशी आली, हे सांगायलाही आता कुणी नव्हतं.

तिथून मी थेट मार्व्हेलाच्या स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीचं, खोटं बोलल्याचं, लहान काचेचं.

ती टेबलावर बोटं फिरवत राहिली. सहासष्ट वर्षांची बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"बेचाळीस वर्षं, ऑल्डी."

"मिसेस कुचेरा, मी..."

"गप्प बस मेल्या. म्हणजे त्याला मी दिसलेच नसेन."

"लहान काचेतून, त्या धुळीत? कसं दिसणार हो?"

तिनं पदराएवढ्या मोठ्या रुमालात तोंड लपवलं. रडून झाल्यावर माझ्यापुढे कोलाच्यांची, आमच्या त्या गोड सारणाच्या पावांची, बशी सरकवली. "सुक्या आलुबुखाऱ्याच्या आहेत. खसखशीच्या तुला मिळणार नाहीत, जन्मभर." त्या रात्री तिला झोप लागली, असं तिनं मंगळवारी सकाळी फोनवर सांगितलं.

मंगळवारी मी फोटो काढायला गेलो.

मडगार्डला दिवे होते.

दोन्ही बाजूंना, छोटे, धुळीनं माखलेले. मी बोट फिरवलं. स्क्रू गंजून पत्र्यात एकजीव झाले होते, काल बसवलेले नव्हते. मागे गेलो. काच मोठी, या खांबापासून त्या खांबापर्यंत. वही काढली. माझंच अक्षर: दिवे नाहीत, लहान काच.

म्हटलं, ऑल्डन, म्हातारा झालास, डोकं फिरलंय तुझं. फोटो न काढताच घरी आलो. मार्व्हेलाला काही कळवलं नाही. काय कळवणार, कपाळ?

बुधवारी समोरची जाळी एकोणसत्तरची होती.

गुरुवारी गेलो नाही. शुक्रवारीही नाही. घरी बसून बोटं मोजली. सोमवार सदुसष्ट, मंगळवार अडुसष्ट, बुधवार एकोणसत्तर. शनिवारी बहात्तर. त्याच्या पुढे या गाडीला जायला जागाच नव्हती.

शनिवारी सकाळी मार्व्हेला दारात उभी. शेजारणीनं सोडलं होतं.

"चल, मला गाडी दाखव."

"मिसेस कुचेरा, तुम्हाला दिसतं कुठं?"

"मला नाही दिसत. तुला दिसतं ना? तू गाडीत बस, मी त्या दिवशीसारखी मागून येते. धावायचं वय गेलं, पण हात हलवता येतो. तू आत बसून सांग, दिसते का ते. तुझ्या तोंडून नुसतं ऐकून माझं भागत नाही रे. तुझं तोंड एकदा खोटं बोललंय."

तिला माझ्या गाडीत घातलं.

शेडपुढे मक्याची धसकटं पसरलेली. रस्त्याच्या उजव्या हाताला, शंभरेक पावलांवर, जुन्या टपालपेटीपाशी तिला सोडलं. "मी हाक मारली की या," म्हटलं. ऊन भुशातून गाळून येत होतं. पंखे घुमत होते. सगळं इतकं संथ होतं की मला जांभई आली.

जाळीकडे न बघता दार उघडलं आणि आत बसलो.

आरसा समोरच्या काचेला चिकटलेला होता.

शहाजिऱ्याचा वास. ताजा, चघळल्यासारखा. मी हाक मारली नव्हती. नुसता आरसा सरळ केला.

मोठी काच अगदी स्वच्छ होती. कुणीतरी आतून पुसल्यासारखी.

रस्त्यावर धूळ उडत होती. गाडी तर जागची हलली नव्हती.

धुळीच्या उजव्या कडेनं एक बाई धावत येत होती. पिवळा एप्रन. कोपरापर्यंत पीठ. एका पायात बूट.

तरुण होती.

तिचं तोंड उघडं होतं. काय ओरडत होती ते ओठांवरून वाचता येत होतं. दोन्ही हात वर. एवढं स्पष्ट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. तिच्या भुवईवरसुद्धा पीठ होतं.

थांब, मी मनात म्हणालो. थांब रे.

मग लक्षात आलं, माझा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. तळाशी टेकेपर्यंत दाबलेला.

तो उचलावा असं मला वाटत नव्हतं.

ती लहान होत गेली. मग नुसती धूळ. मग नुसती धसकटं.

बाहेर आलो. दाराला धरून उभा राहिलो. मागे वळून पाहिलं तर मडगार्डला दिवे नव्हते आणि मागची काच पावाच्या ट्रेएवढी होती, कोळिष्टकांनी भरलेली.

टपालपेटीपाशी पोचलो. मार्व्हेला दगडावर बसली होती, शेडकडे पाठ करून. बूट उलटा धरून झटकत होती.

"आलास? थांब की रे जरा," ती म्हणाली. "मी उठलेच नाही अजून. बुटात खडा गेला मेला. जा, बस परत, आता येते."



"नको, मिसेस कुचेरा. बसून बघितलं मी. काच लहान आहे, कोळिष्टकं सोडून काही दिसत नाही. तुम्ही आलात काय आणि नाही काय."

तिनं मान वर केली. पांढुरक्या बुबुळांनी माझा चेहरा शोधला.

"खरं सांगतोस?"

"खरं."

"मग सुटले बाई मी," ती म्हणाली, आणि बेचाळीस वर्षांनी मला पहिल्यांदा हसून दाखवलं. "चल. घरी खसखशीच्या ठेवल्यात तुझ्यासाठी."

धसकटांतून तिला नीट चालता येईना, म्हणून मी हात पुढे केला. तेव्हा मला माझी बाही दिसली. दंडावर पीठ होतं, चार बोटांचा ठसा. मी झटकणार, तेवढ्यात तिनं चाचपडत माझा दंड धरला, आणि तिची चार बोटं त्या चार बोटांवर बरोबर बसली.