उंबर, ओला कचरा आणि गंधाली

अनय गच्चीवर टाकीचं झाकण बघायला गेला, तर झाकणावर माकड. अनयने समजूतदारपणे स्मित केलं. माकड पुढे सरकलं.

"दात झाका आधी," मागून आवाज आला. "त्यांच्यात दात दाखवणं म्हणजे घाबरलो म्हणून कबूल करणं."

"घाबरलोच आहे," अनय दात झाकून म्हणाला.

"मग निदान त्याला कळवू नका. नजर खाली... हळूच मागे या."

ती गंधाली. बी विंगमधल्या मार्तंडकाकांची मुलगी. युगांडात चिंपांझींवर संशोधन करते. सुट्टीत मुलुंडला आली की शेजारी तिच्यावर करतात. अनय सोसायटीचा सेक्रेटरी. निवडीच्या सभेला तो उशिरा पोचला होता, एवढीच त्याची पात्रता.

येत्या रविवारच्या सभेत माकडांच्या त्रासापायी मागचा उंबर तोडायचा ठराव होता. सूचक, मार्तंडकाका.

"बाबांना सांगून थकले. उंबर गेला तर माकडं थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर येतील," गंधाली म्हणाली. "खरी मेजवानी तुम्हीच दाराबाहेर मांडता. ओला कचरा."

"लोकांशी बोलून बघू?"

"बघू काय? चला!"

दोघं दारोदार फिरले. प्रत्येक घरात चहा आणि एकच वाक्य : "आमच्या एकट्यांनी कचरा आत ठेवून काय होणार?" अख्खी सोसायटी एकटी होती.

"यार, चिंपांझी बरे," अनय जिन्यात टेकला.

"तेही भांडतात. पण आमच्या जंगलात शिकारीचे फास असायचे ना... एकाने काढायला घेतले, तेव्हा लोक हसले. मग हळूहळू गावच मदतीला निघालं. आता पिल्लांचे हात शाबूत दिसतात."

अनयने तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मग उठून पुढची बेल दाबली आणि सरळ थाप मारली, "बाकी सगळे तयार आहेत हो. तुमचंच घर राहिलंय."

ही थाप त्याने प्रत्येक दारात मारली. आठवडा संपेपर्यंत ती खरी झाली.

माकडं यायची, रिकाम्या जिन्यात पाणउतारा झाल्यासारखी बसायची आणि उंबरावर परतायची. रविवारी मार्तंडकाकांनी ठराव मागे घेतला — झाड वाचवायची कल्पना मुळात आपलीच, अशा आवाजात.

सभेनंतर दोघं उंबराखाली रेंगाळले. अहो-जाहो कधी गळलं, कोणालाच आठवत नव्हतं.

"परवा निघतेस?"

"हो. दोन वर्षं तरी. चिंपांझींना माणसाची सवय व्हायला वेळ लागतो, अनय. रोज जायचं, लांब बसायचं, वाट बघायची..."

"मला तुझी आठवड्यात झाली." मग तो घाईने म्हणाला, "म्हणजे... तू जा. जायलाच हवं. मी इथेच आहे. सेक्रेटरीला कोणी सोडत नाही गं."

ती जवळ आली, त्याच्या कानामागच्या केसांतून काहीतरी अलगद चिमटीत उचललं...

"काय होतं?"

"काहीच नाही," गंधाली म्हणाली. हात तिने तिथेच ठेवला होता. "चिंपांझीही आपल्या माणसाच्या केसांत तासन्‌तास शोधतात. बऱ्याचदा काहीच नसतं."