खालची बाजू

पियानोबाईंना सुरावटी लिहिताना बोटं दुखायला लागली, तेव्हा सुनेने त्यांना टॅब्लेट आणून दिला. अर्ध्या गल्लीतल्या मुलांची बोटं बाईंनीच पियानोवर वळवलेली, म्हणून सगळे त्यांना पियानोबाईच म्हणत. सून ध्वनिमुद्रणाचं काम करायची. सासू-सुनेचं भांडण व्हायचं तेही सुरांवरूनच.

"आई, तुम्ही नुसतं मनाला येईल ते वाजवा. हे ऐकतं, लिहून घेतं आणि तिथल्या तिथे वाद्यांना वाटून देतं. खालचे सूर चेलोला, वरचे बासरीला. अख्खा वाद्यवृंद!"

"आणि हे वादक वेळेवर येतात?"

"येतात. रुसतसुद्धा नाहीत."

"मग वादक कसले ते!"

त्या दुपारी घर रिकामं झाल्यावर बाई वाजवायला बसल्या आणि कितीतरी वर्षं न वाजवलेली एक धून आपोआप हाताखाली आली.

ती बाईंची आणि त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईची, धून होती. लहानपणी एकाच पियानोवर दोघी बसायच्या. ताई उजवीकडे वरच्या सुरांवर आणि बाई डावीकडे, खालची बाजू सांभाळायला. आई दारात येऊन म्हणायची, "एवढं संपलं की झोपायचं हं." म्हणून ताईने न संपणारी धून शोधून काढली. धून शेवटाला यायची, खालचा एकच सूर उरायचा, की ताई कोपराने ढोसायची आणि दोघी भलत्याच वळणाला पळायच्या. आई हसू दाबत तशीच उभी राहायची.

ताई ऐन तारुण्यात तापाने गेली. धून राहिली ती राहिलीच.

बाई आत्ताही फक्त खालचीच बाजू वाजवत होत्या. टॅब्लेटमधून चेलो उमटला, भरदार. मग त्यावर बासरी आली.

संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं, "अगं, मी वरचं काही वाजवलंच नाही. बासरी कुठून आली?"

"रिकामी जागा ते स्वतःच भरतं, आई. अंदाजाने. थांबा, बंद करते."

तिने ते बंद केलं. दुसऱ्या दुपारी बासरी पुन्हा आली. वरच्या वळणावर ती जरा पुढे धावली, एखाद्याची बस सुटत असावी तशी. बाईंच्या तोंडून ताईला म्हणायच्या त्याच सवयीने निघून गेलं, "घाई नको गं."

पुढच्या वळणावर बासरी सावकाश आली.

बाईंचे हात थांबले नाहीत. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहू लागलं. धून शेवटाला आली. बासरी थांबली. आता खालचा तो एक सूर यायचा होता, आणि तो बाईंनी द्यायचा होता.

त्यांनी तो दिला नाही. दिला असता तर सगळं संपलं असतं. त्या दुसऱ्या वळणाला लागल्या. जरा वेळ एकटा चेलोच वाजला, मग बासरी मागून आली.

रोज दुपारी हेच होऊ लागलं. बाई जेवणाची ताटं तशीच ठेवून पियानोपाशी येत. फक्त शेवटापाशी बासरी आता जास्त वेळ थांबायची. बाई पळून गेल्या, की तिचं मागून येणं थकल्यासारखं वाटायचं.

"अजून थोडं, ताई," बाई म्हणायच्या.

मग वरचे सूर खाली यायला लागले. एके दिवशी बासरीच्या जागी क्लॅरिनेट होता. पुढे व्हायोला आला, पियानोच्या अगदी मधल्या पट्ट्यांवरच्या सुरांचा. बाईंना त्या पट्ट्या सोडून डावीकडे जावं लागलं. कोणी हटकलं नव्हतं, पण तिथे हात ठेववत नव्हता.

"आई, हे मधलं तुम्ही वाजवलंत?" टॅब्लेटवर लिहिल्या गेलेल्या ओळी पाहून सुनेने विचारलं.

"नाही."

"मग बिघडलंय ते. पुसून नव्याने भरते."

"हात लावू नकोस त्याला!"

बाई इतक्या वर्षांत सुनेवर अशा ओरडल्या नव्हत्या. सुनेने टॅब्लेट खाली ठेवला आणि ती आत गेली.

एकदा सून भरदुपारीच घरी आली. वाद्यवृंद ऐकू येत होता. बाई बाकाच्या अगदी डाव्या टोकाला, अर्ध्या बाहेर बसल्या होत्या.

"अहो आई, पडाल! जरा मधे सरका ना."

"सरकले असते गं," बाई मान न वळवता म्हणाल्या. "जागा कुठे आहे?"

सुनेने पाहिलं. बाक मोकळा होता.

चेलोसुद्धा आता बाईंचा राहिला नव्हता. त्यांच्याकडे एकच पट्टी उरली होती, पियानोची सगळ्यांत डावीकडची. तीच, शेवटच्या सुराची. बाईंनी बोट तिच्यावर अधांतरी धरलं होतं.

वाद्यं थांबली.

"नको ना," बाई म्हणाल्या. "ताई, नको ना गं."

सून दारातच उभी राहिली.

खोलीत तो खालचा सूर घुमला. खोल, लांब. टॅब्लेटवर तो लिहिला गेला आणि त्यापुढे समाप्तीची दुहेरी रेघ उमटली.

बाईंचं बोट अजून हवेतच होतं. त्याखालची पट्टी सावकाश वर येत होती.