वळलेल्या नळ्या

घरात तिला सगळे पंडित म्हणत. लहानपणी कुणी नुसतं ‘ढग पांढरे असतात’ म्हटलं, तरी ‘कुठले?’ असं विचारून ती समोरच्याला जेरीस आणायची. मोठेपणी त्याच खोडीवर तिचं पोट चाललं होतं. जमिनीतून वाहणारी वीज मोजून खाली खोलवर काय आहे ते ती सांगायची. दूरच्या विजा आणि सूर्यावरची वादळं जमिनीत अगदी क्षीण प्रवाह उठवतात. अखंड खडकातून ते जेमतेम सरकतात. युगांपूर्वी तुटून चुरा झालेल्या, पाणी मुरलेल्या भेगेतून मात्र सुसाट जातात. तो फरक टिपायचा, एवढंच काम.

या खेपेला समोर एक डोंगर होता आणि त्यातून बोगदा जायचा होता. बोगद्याचा मुख्य इंजिनियर तिचा सख्खा मोठा भाऊ. वरून हुकूम आला म्हणून त्याने तपासणी लावली होती. त्याचा भरवसा जुन्या नकाशावर, आणि नकाशात डोंगर सलग होता.

“कर तुझे प्रयोग,” दादा म्हणाला, “पण महिनाअखेर माझं मशीन आत शिरणार.”

“मशीनबरोबर माणसंही शिरणार ना?”

त्यावर त्याने चहाचा कप उगाच फिरवला.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी तिने पहिली जागा निवडली. जीप चालवणारे काका खणायलाही मदत करत. गुडघाभर खोल चर खणून तिने त्यात हातभर लांबीची नळी आडवी ठेवली. त्या प्रवाहांबरोबरच्या चुंबकीय लहरी टिपणारं नाजूक यंत्र ते. होकायंत्राने नीट उत्तरेला लावलं, पाणसळ ठेवून समपातळीत आणलं, वर माती लोटली आणि बुटांनी घट्ट दाबली. वाऱ्याने नळी हलली तरी नोंद बिघडते, म्हणून एवढा सोपस्कार.

सकाळी माती उकरली तर नळी वळलेली होती. तिचं तोंड उत्तरेला नव्हे, डोंगराकडे होतं.

“काका, काल धक्का लागला का?”

“मॅडम, तुम्ही स्वतः पुरलीत. मी फावडं धरून उभा होतो.”

ती वरमली. पुढच्या जागी तिने होकायंत्र तीनतीनदा पाहिलं आणि माती दाबून झाल्यावर तिच्यावर बुटांचे ठसे मुद्दाम उमटवले. सकाळी ठसे जसेच्या तसे होते. कडासुद्धा ढासळल्या नव्हत्या. खाली नळी वळलेली.

त्यापुढच्या जागी, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, तीच गत. काकांनी फावडं जीपमध्ये ठेवलं आणि म्हणाले, “मी गाडीतच बसतो.”

नळी वळली म्हणजे नोंद मातीमोल, असं तिला वाटत होतं. तरी सवयीने तिने ती संगणकावर उघडली, वळलेली दिशा धरून गणित मांडलं, आणि खुर्चीत ताठ झाली. इतकी स्वच्छ नोंद तिने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. ना गावातल्या तारांची खरखर, ना रस्त्यावरच्या ट्रकची. जणू कुणी बाकीच्यांना गप्प बसवून एकच गोष्ट तिला ऐकवत होतं. पडद्यावर डोंगराच्या पोटात एक लालभडक उभी पट्टी आली, म्हणजे पाणी मुरलेली भेग, खालून वरपर्यंत, नेमकी बोगद्याच्या वाटेवर. नळ्यांची तोंडंही त्या पट्टीकडेच होती.

“नकाशात नाही ते डोंगरात कुठून येणार?” दादा उखडला.

“एक बोअर घे. मी सांगते तिथे. खोटी ठरले तर सगळ्यांसमोर कान धरीन.”

“आणि खरी ठरलीस तर?”

“तर तुझी माणसं संध्याकाळी घरी जातील.”

 दादाने फोन उचलला.

बोअर सुरू झालं. खडक निघत राहिला. काळा, कठीण, सलग. मजूर गोळा झाले. दादाने घड्याळ पाहिलं. कुणीतरी हळूच हसलं. तिने हाताची घडी सोडली नाही.

मग मशीनचा आवाज बदलला.

दांडा एकदम खाली गेला, पोकळीत गेल्यासारखा. भोकातून राखाडी चिखल उसळला, मागोमाग पाणी. माणसाच्या डोक्यावरून उंच. बोअरवाला ओरडत मागे पळाला. मजुरांनी एकच गिल्ला केला.

दादा नखशिखांत भिजला होता. तसाच तो आला आणि त्याने तिला उचलून गरकन फिरवलं. “बोगद्याची वाट बदलतो! ऐकलंत का रे? पंडित जिंकली!”

तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

पाण्याचा जोर ओसरल्यावर मोजणीचं उपकरण तारेला बांधून भोकात सोडलं. तळाशी टेकलं. मग बोअरवाल्याने ते वर ओढायला घेतलं. तार बाहेर येत होती ती बोटभर जाड चिखलाने लडबडलेली. ती निपटता निपटता त्याचे हात थांबले.

“मॅडम, हे बघा जरा.”

तारेच्या टोकाला उपकरण लख्ख होतं. चिखलाचा कणसुद्धा नाही.

मागे दादा फोटोसाठी हाका मारत होता. तिने उपकरण हातात घेतलं. धातूवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फडक्याने पुसल्याचे ओले फराटे होते. ते अजून वाळत होते.