कवठाळीची पांढरी

माती तपासणं हे माझं काम. परभणीच्या कृषी विद्यापीठात मी मृदाशास्त्र शिकवते, आणि ज्यांचा नमुना घेता येत नाही अशा गोष्टींबद्दल सहसा बोलत नाही. इमादबरोबर मातीचे नमुने आणायला कवठाळीला गेले ती दुपार तेवढी याला अपवाद आहे.

इमाद माझा पीएच.डी.चा विद्यार्थी. पॅलेस्टिनी, पण जन्म अम्मानजवळच्या निर्वासितांच्या छावणीतला. त्याच्या आजीचं गाव डोंगरउतारावर होतं. गहू पिकायचा, थोडी ज्वारी, बांधाला अंजिरं. अठ्ठेचाळीस साली एका सकाळी गोळीबार सुरू झाला आणि लोक मिळेल त्या वाटेनं पळाले. परत जाऊ दिलं नाही. पुढं घरं पाडली, वर पाइनची झाडं लावली. इमादनं ते गाव कधी पाहिलेलं नव्हतं. हे त्यानं मला प्रयोगशाळेत माती चाळता चाळता सांगितलं होतं, आणि मग चाळणीच्या नंबराबद्दल विचारलं होतं.

कवठाळी देवगाव फाट्याच्या पुढं, ओढ्याच्या काठाला. सरकारदप्तरी हे गाव ‘बेचिराग’ आहे. निजामाच्या राजवटीतला शब्द. जिथं दिवा लागत नाही असं गाव. तेही अठ्ठेचाळीसच्याच, पोलीस ॲक्शनच्या गडबडीत उठलं. कोण कोणाला भ्यालं, आधी कोण निघालं, हे विचारलं की आसपासची म्हातारी माणसं पाऊसपाण्याचं बोलायला लागतात. काळ्या रानाच्या मधोमध पांढरीचा उंचवटा तेवढा उरलाय. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीच्या राखेनं आणि पडक्या भिंतींनी माती पांढुरकी होते, तिला पांढरी म्हणतात. भोवती फड्या निवडुंग माजलेला.

उंचवट्याला लागून आश्रुबांचं रान. जानेवारीचे दिवस, ज्वारी हुरड्यात आलेली. आश्रुबा आणि त्यांची बायको सत्यशीला यांनी आम्हाला पाणी दिलं. बांधावर आश्रुबांची आत्या, सरजाबाई, पाखरं राखायला बसल्या होत्या. मधूनमधून पत्र्याचा डबा वाजवायच्या. त्यांना कानानं अजिबात ऐकू येत नाही, हातानं सांगावं लागतं, असं आश्रुबांनी आधीच सांगून ठेवलं.

निवडुंग पाहून इमाद थबकला. आमच्या मुलखातही घरं पाडली तरी हा कुंपणाच्या रेषेवर पुन्हा उगवतो, असं म्हणाला. त्यानं आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिला धड दिसत नव्हतं. फोन फिरव, अजून फिरव, असं ती करत होती, आणि एकदम तिचा आवाज करडा झाला. इमाद हसला.

“तिला वाटतंय, मी आमच्या गावात पोचलोय.”

खरं काय ते सांग, मी म्हटलं. त्यानं सांगितलं. आजीनं ते कानाआड केलं आणि वाट सांगायला लागली. निवडुंग उजव्या हाताला ठेव. पुढं विहीर आहे, एका अंगानं कठडा ढासळलेला. तिच्या पलीकडं सपाट गोल जागा, तिथं मळणी व्हायची. मग आमचा उंबरा, दगडी, कोपऱ्यात कुटायला खळगा केलेला.

म्हातारीचं मन राखायला इमाद चालत राहिला. मी मागून.

विहीर होती. कठडा एका अंगानं ढासळला होता. जुन्या विहिरींचं तसंच होतं, मी स्वतःला सांगितलं. पुढं खळ्याची जागा लागली. खळं कुठल्या गावात नसतं?

मग उंबरा दिसला. तो कोपऱ्यातला खळगा बोटं जातील एवढा गुळगुळीत झाला होता.

इमाद आता हसत नव्हता.

सरजाबाई बांधावरून कधी उठून आल्या ते मला कळलं नाही. आपल्याच घरी बसावं तशा त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि त्यांनी हात पुढं केला. इमादनं फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही, तोंडासमोर धरला.

आजी अरबीत काहीतरी म्हणाली.

“व्हय,” सरजाबाई म्हणाल्या. थांबल्या. पलीकडून वाक्य पुरं झालं तेव्हाच पुन्हा बोलल्या. “न्हाई गं. आता कशाला रडतीस?”

इमादनं माझी बाही धरली. सरजाबाई काय म्हणाल्या, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो फोनकडं बघतच राहिला. आजीचं पुढचं वाक्य सरजाबाईंच्या बोलण्यालाच उत्तर होतं, तो म्हणाला.

डबा वाजायचा थांबला होता, तरी ज्वारीवर एक पाखरू उतरलं नाही.

काय म्हणते ती, असं मी सरजाबाईंना हातानं विचारलं.

“पोरगी जेवली का म्हनून इचारायलीय,” त्या म्हणाल्या. “मी म्हनलं, जेवली. माझ्यापाशीच हाय इतके दिस. आता माझं वय झालं, घिऊन जा म्हनलं.”

मी ते इमादला सांगितलं. कुठली पोरगी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं फोन घेऊन विचारलं, तेव्हा आजीनं ओढणीनं चेहरा झाकला होता. नंतर आजीजवळ बसलेली त्याची आई बोलली, बराच वेळ.

आजीला चार वर्षांची बहीण होती. पळताना तिचा हात आजीच्या हातात होता, आणि गर्दीत सुटला. इतक्या वर्षांत आजी हे कोणापाशी बोलली नव्हती. पोटच्या लेकीनं ते आत्ता, या फोनवर, पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही निघालो तेव्हा सरजाबाई गाडीपाशी आल्या. मागचं दार उघडून त्यांनी सीटवर आपली वाकळ पसरली, कड नीट खोचली आणि वरून हलकं थोपटलं. मग इमादच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

“आत्याबाई असं कधी करत न्हाईत, मॅडम,” सत्यशीला खाली बघत म्हणाली.

इमाद गाडी चालवत होता. खड्डा आला की जवळजवळ थांबत होता.

देवगाव फाट्याला चहासाठी थांबलो. इमाद उतरला नाही. मी दार लावायला गेले.

“हळू,” तो म्हणाला.

मी हळू लावलं.

टपरीवर जाऊन दोन चहा सांगितले. मग माझ्याच तोंडून निघालं, “आणि थोडं दूध.”

टपरीवाल्यानं माझ्या खांद्यावरून गाडीकडं पाहिलं. दूध दोन भांड्यांत वरखाली करून निववलं, मागच्या फळीवरून सगळ्यात लहान पेला काढला, आणि त्यात अर्धाच भरला.