काम म्हंजे काय?

“काम... करत नाही,” असं पुटपुटत त्या पाहुण्यानं कागदावर खूण केली आणि चांगुणाचं डोकंच फिरलं. शाळेत शिकवून ती नुकतीच दारात आली होती. तिला सांभाळणारी जनकामामी सकाळभर घरच्या वावरातला कापूस वेचून आता भाकरी थापत होती, आणि हा शहाणा म्हणतो काम करत नाही!

“काऊन हो, काम म्हंजे काय तुमच्या लेखी?”

तो चपापला. अर्जुनराव मूळचा चिखलीचा. नागपूरच्या कॉलेजातून सोनाळ्यातल्या बायांच्या कामाचा अभ्यास करायला आलेला. “म्हंजे... ज्याची मजुरी मिळते, ते.”

“मंग मामी काय झोपा काढून राह्यली? आधी शब्दाचा अर्थ ठरवा, मंग दारोदार फिरा!”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तर ओट्यावर वही घेऊन स्वारी हजर. काम, कुटुंब, कमावती — सगळ्या व्याख्या ठरवून अभ्यासाचा आराखडा पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या टपालानं नागपूरला जायलाच हवा होता. नाहीतर हा अभ्यास दुसऱ्या कुणाला मिळणार होता. तो लिहायचा, ती खोडायची. दोघं कडाकडा भांडायची. ऊन ओट्यावरून उतरायचं तरी उठायचं नाव कुणी घेत नसे.

खरं सांगायचं तर चार दिवसांनी चांगुणा नसत्या शंका काढायला लागली होती. व्याख्या संपल्या की हा जाणार... त्या विचारानंच तिचा जीव कासावीस व्हायचा.

शुक्रवारी मात्र तिला भीती वाटली. आपल्यापायी याचा अभ्यास बुडाला तर? तिनं न वाचताच वही मिटली.

“बरोबर आहे. टाका पोस्टात.”

“पण ‘कमावती’त खोट होती ना काल?”

“नव्हती.” तिनं मिटलेली वही त्याच्याकडं सरकवली. “परवा बी नव्हती. मीच... तुम्ही जाऊ नये म्हणून —”

अर्जुनराव हसला. “आराखडा मंगळवारीच पोस्टात पडला, बाई.”

“मंग रोज वही काऊन आणत होते?”

“तुम्ही खोट काढावी म्हणून.”

“लई लबाड आहा तुम्ही!” ती फणकारली, पण हसू काही आवरेना.

“मंग... मामीले विचारू? आपल्या लग्नाचं?”

“मामीले मंग. आधी मले विचारा की!”

तो ओट्यावरून उठला, शर्ट नीट केला आणि तिच्यासमोर उभं राहून त्यानं विचारलं.

“हाव,” चांगुणा होकाराची मान हलवत म्हणाली.